दोन बोटे डावीकडे

मित्रांनो, मी एक सायकल आहे आणि मी सरळ जात नाही.

हे सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे. आपली कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू आधी आपला रंग सांगतात, मग चकाकी, मग रुबाब, आणि खोट कुठेतरी शेवटी कानात कुजबुजतात. माझी खोट कानात मावणारी नाही. शिवाय ती सगळ्या सय्यदा झैनब मोहल्ल्याला ठाऊक आहे, चौकातल्या पोलिसासकट. तेव्हा लपवून उपयोग नाही.

माझा जन्म कैरोत, उस्ता दसूकीच्या दुकानात झाला. इथे हाताने काम करणाऱ्या प्रत्येक माणसाला उस्ता म्हणतात, पण दसूकीला मात्र ते मनापासून म्हणतात. माझा जन्म ज्याच्यासाठी झाला त्याचे नाव अत्वा. अत्वा रोटीवाला आहे. डोक्यावर खजुराच्या दांड्यांची, दाराएवढी लांब जाळी. जाळीवर दोन-अडीचशे गरम रोट्या. उजवा हात वर, जाळीला. डावा हात हँडलला. आणि तोंडाने ‘स्स्स, स्स्स’ असा आवाज, म्हणजे माणसे बाजूला होतात. रोट्या बंद खोक्यात भरल्या तर त्यांना घाम फुटतो आणि त्या एकमेकींना चिकटतात. डोक्यावरच्या उघड्या वाऱ्यात त्या पोहोचेपर्यंत नीट सुकतात. म्हणून आमच्याकडे रोटी डोक्यावरून जाते. त्या डोक्याच्या आत काय आहे, याची चौकशी कोणी करत नाही.

अशी सव्वीस वर्षे अत्वाने काढली. मग एका हिवाळ्यात त्याच्या जुन्या सायकलीचे दोन तुकडे झाले. एक तुकडा उजवीकडे गेला, एक डावीकडे, आणि अत्वा मधोमध उजव्या गुडघ्यावर पडला. तीन महिन्यांनी तो उठला तेव्हा गुडघा अर्धाच वाकत होता. नमाजाला खुर्ची लागायला लागली.

भट्टीचे मालक हाजी मुतवल्ली यांनी त्याला चहा पाजला.

“अत्वा, तू माझा भाऊ आहेस,” हाजी म्हणाले. हाजींनी भाऊ म्हटले की समोरचा आपला हिशेब मागायच्या तयारीला लागतो. “पण तुझा गुडघा काही माझा भाऊ नाही. मी तीनचाकी सांगून ठेवलीये.”

“रोट्या चिकटतील, हाजी.”

“चिकटू देत. रस्त्यावर पडण्यापेक्षा बरं. तू आता इथे आत बस, पीठ चाळ. पंखा लावून देतो.”

पीठ चाळण्यात कमीपणा नाही, मित्रांनो. पण अत्वाने आयुष्यात बसून एकच गोष्ट केली होती, ती म्हणजे सायकल चालवणे. त्याने चहाचा पेला खाली ठेवला.

“एक संधी द्या. नवी सायकल करून घेतो. माझ्या मापाची.”

“सायकलीला माप? कोट शिवतोयस का?”

“गुडघ्याला धरून करून घेतो म्हणतोय.”

हाजींनी जपमाळेचे चार मणी ओढले. “बरं. रमजानचा पहिला दिवस. उसळवाला, कलेजीवाला आणि पुलाखालचं अन्नछत्र, तिन्ही ठिकाणं सूर्यास्ताला रोजा सोडायची तोफ होण्याआधी. एक रोटी जरी जमिनीला लागली, तरी पीठ चाळायचं. पंखा मात्र नाही.”

उस्ता दसूकी टेप वापरत नाही. “टेपला आकडे येतात,” तो म्हणतो, “पण दोरीला माणूस कळतो.” त्याने खिशातून दोरी काढली आणि अत्वाला तेलाच्या रिकाम्या पिंपावर बसवले.

“जाळी घे डोक्यावर.”

“माप माझं घ्यायचंय की जाळीचं?”

“तू रस्त्यावर रिकामा असतोस?”

“नाही.”

“मग मला तुझं रिकामं माप कशाला? भरलेलं दे.”

दुकानात बसलेल्या सर्वांना हे म्हणणे फार पटले. आजही कोणाला विचारा, पटते. मी पुढे जे काही झाले ते सर्वांना पटलेल्या गोष्टीमुळेच झाले.

अत्वा म्हणाला, भट्टीवरून रोट्या घेऊन येतो. तेवढ्यात त्याची बायको करीमान जेवणाचा डबा घेऊन दारात येऊन उभी राहिली. तिने डबा आपटला.

“रोटी काय वजनाचा दगड आहे? मापासाठी अन्न ताटकळत ठेवायचं? लाज वाटू दे जरा दोघांना!”

दोघांना लगेच वाटली. आमच्याकडे रोटीचा तुकडा रस्त्यात दिसला तरी माणूस थांबतो, उचलतो, ओठांना लावतो आणि भिंतीच्या कडेला उंच ठेवतो, पाय लागू नये म्हणून. त्या रोटीला घेऊन दोरीचे खेळ करायचे, हे कोणाच्याच मनाला पटेना. मग उस्ताने मागच्या पडक्या भिंतीतून विटा आणल्या, तराजूत घातल्या, आणि अडीचशे रोट्यांच्या भाराच्या अकरा विटा जाळीवर रचल्या.

मित्रांनो, माझी गोष्ट वाकडी झाली ती इथे. पण तेव्हा मी अजून पलंग होते, त्यामुळे काही बोलले नाही.

पलंगाचे असे झाले. उस्ताला जुने, जाड, इमानदार लोखंड हवे होते. तो नळीवर किल्लीने टक् करतो आणि कान देतो. भंगारबाजारात तीन दिवस टकटक करून त्याला एकही नळी आवडली नाही. चौथ्या दिवशी तो अत्वाकडे चहाला गेला, बसल्या बसल्या सवयीने पलंगाच्या खांबाला टक् केले, आणि कान तिथेच टेकवला.

“हा पलंग कुठला?”

“माझ्या आईने लग्नात दिलेला,” करीमान म्हणाली. “आणि नजर काढ त्याच्यावरून, उस्ता. चहा पी.”

उस्ता चहा प्यायला, पण त्याने नजर काढली नाही. करीमान दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने गादी जमिनीवर टाकली.

“जा घेऊन. हा माणूस पीठ चाळत कुढत बसला, तर पलंग असून मी काय करू? पण ऐक, अरे माणसा. पलंग मी दिलेला नाही. नेलायस. रोज संध्याकाळी विचारणार.”

आणि तिने खरोखर विचारले. अत्वाने घराचे दार लोटले की आतून आवाज यायचा, “माझा पलंग आला का?” अत्वा म्हणायचा, “बाहेर उभा आहे.” मग दोघे जेवायला बसायचे.

मला घडवताना उस्ताने जीव ओतला, हे मी भर न्यायालयात सांगेन. अत्वाला पाय उंच टाकायला लागू नये म्हणून माझी वरची नळी त्याने पोट सुटलेल्या गाढवाच्या पाठीसारखी खाली वाकवली. वाकवताना नळी चेपू नये म्हणून आत वाळू ठासली, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या मारल्या आणि मग तापवली. त्यातली थोडी वाळू अजून माझ्या पोटात आहे. खड्डा आला की मी सुर्र करते. उजव्या पायडलचा दांडा त्याने तीन बोटे आखूड केला, कारण तो गुडघा तेवढाच वाकतो. दोन्ही चाकांचे ब्रेक डाव्या मुठीत आणले, कारण उजवा हात जाळीचा. घंटीला हात उरला नाही, तेव्हा ती डाव्या गुडघ्याला लागेल अशी बसवली. त्यामुळे मी प्रत्येक फेऱ्याला एकदा वाजते. थांबवता येत नाही. सीट एका मेलेल्या न्हाव्याच्या खुर्चीच्या कातड्याची आहे; तिच्यावर बसले की माणूस आपोआप मान थोडी मागे टाकतो.

आणि आता ती दोन बोटे. अकरा विटा डोक्यावर, हात वर, अशा बसलेल्या अत्वाकडे उस्ताने लांबून एक डोळा मिटून पाहिले.

“तू भाराखाली उजवीकडे झुकतोस. बरोबर दोन बोटं.”

“सव्वीस वर्षं झुकतोय.”

“झुक. मी आहे.”

त्याने ती दोन बोटे माझ्यात डावीकडे घातली. हँडल, सीट, पुढच्या चाकाचा चिमटा, सगळे दोन बोटे डावीकडे. माणूस उजवीकडे, सायकल डावीकडे, बेरीज सरळ. मग मला पिस्त्यासारखा हिरवा रंग दिला, कारण दुकानाच्या दाराला देऊन तोच उरला होता. दाराला टेकवून ठेवले की मी दिसेनाशी होते. दोन गिऱ्हाईके माझ्यावर अडखळली. शेवटी पांढऱ्या रंगात माझ्या नळीवर उस्ताने लिहिले: ‘उस्ता दसूकी. मोजून मापून.’

अकरा विटा घेऊन आम्ही गल्लीची फेरी मारली. मी रंगाऱ्याने आखलेल्या रेघेसारखी गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अत्वाचे डोळे भरून आले, पण हात दोन्ही गुंतलेले, त्यामुळे पुसता आले नाहीत. विटा उतरवल्यावर तो मला चालवत घरी नेणार होता. करीमानने अडवले. “नव्या नवरीला कोणी पळवत नेतं का? हाताने आण, हळू.” त्याने मला हाताने नेले. दुसऱ्या दिवशी भट्टीवरही हातानेच नेले, कारण ती समोरच्याच गल्लीत. माझ्यावर रिकाम्या डोक्याने कोणीच बसले नव्हते.

रमजानचा पहिला दिवस भर उन्हाळ्यात आला. सूर्यास्ताला एक तास उरला की सगळे कैरो एकाच वेळी घरी जायला निघते आणि त्यामुळे कोणीच कुठे जात नाही. गाड्या हॉर्न वाजवतात, माणसे खिडकीतून हात काढून देवाला विचारतात. आम्ही दोन गाड्यांच्या आरशांमधून, जवळजवळ एका घोडागाडीच्या पोटाखालून, सरळ निघालो. घंटी वाजत होती. अत्वा ‘स्स्स’ करत होता. मी म्हणाले, हेच ते जीवन.

उसळवाल्याकडे ऐंशी रोट्या उतरल्या. तिथून निघाले तेव्हा मला डावीकडे काहीतरी विसरून आल्यासारखे वाटू लागले. अत्वा म्हणाला, “वारा आहे.” झाडाचे पान हलत नव्हते.

कलेजीवाल्याकडे आणखी ऐंशी उतरल्या. आता मला डावीकडची फारच ओढ लागली. अत्वा हँडल उजवीकडे दाबत होता आणि आम्ही डावीकडच्या न्हाव्याच्या दुकानात अर्धे आत गेलो.

“दाढी?” न्हावी म्हणाला.

“उद्या,” अत्वा म्हणाला आणि मला मागे ओढले.

तोफेला वीस मिनिटे होती. जाळीवर शेवटच्या ऐंशी रोट्या, आणि समोर गोल चौक. चौकाच्या पलीकडच्या तोंडाने बाहेर पडले की पूल, पुलाखाली लांब टेबले, आणि टेबलांपाशी दिवसभर पाणीही न प्यायलेली दीडशे माणसे. आमच्याकडे चौकात वाहने डावीकडे वळत गोल फिरतात. मीही फिरले. पलीकडचे तोंड आले. अत्वाने हँडल दाबले. तोंड गेले.

दुसरी फेरी. पलीकडचे तोंड आले, गेले. सगळीच वाहने त्याच दिशेने फिरत असल्यामुळे कोणाला काही वावगे वाटले नाही. फक्त चौकातल्या पोलिसाने तिसऱ्या फेरीला आम्हाला ओळखल्यासारखी मान हलवली.

उतरून चालत जावे म्हटले तर तेही जमेना. अर्धा गुडघा आणि डोक्यावर जाळी अशा माणसाला थांबवून खाली उतरवायला दोघे जण लागतात, आणि चौकात थांबायला जागा नाही. अत्वाच्या कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता. “या अल्ला, पीठ नको,” तो पुटपुटत होता. “पीठ तेवढं नको.”

चौकाच्या कडेला हनफी टरबुजांचा ढीग लावून बसतो. रमजानात तोफेच्या सुमाराला रस्त्यात अडकलेल्यांच्या हातात लोक खजूर, सरबत, काही ना काही देतात. हनफीने आम्हाला चौथ्यांदा येताना पाहिले आणि त्याचा समज झाला की हा माणूस काहीतरी मिळेल म्हणून फेऱ्या मारतोय आणि मागायला लाजतोय.

“लाजतोस काय, काका! घे!” म्हणत तो धावत आला आणि गवताच्या पेंढीसकट एक टरबूज त्याने जाळीच्या रिकाम्या जागेत बसवले.

“अरे, अरे! नको! काय करतोस!”

पण मला एकदम बरे वाटले. आमचा गोल मोठा झाला. आम्ही चौकाच्या बाहेरच्या अंगाला आलो. अत्वा सव्वीस वर्षांचा रोटीवाला आहे. त्याच्या मानेला गुंज कमी-जास्त झालेली कळते. पाचव्या फेरीला तो लांबूनच ओरडला, “हनफी! अजून एक!”

हनफीने दिले, पण तोंड वाकडे करून. “पुण्य म्हणून दिलं तर माणूस डोक्यावर बसतो,” तो पोलिसाला म्हणाला.

“डोक्यावर तर तूच ठेवतोयस,” पोलीस म्हणाला.

सहावी फेरी. “हनफी! शेवटचं! मोठ्यातलं!”

“काका, लाज असावी थोडी! रोजा आहे ना तुझा?”

“फेकू नकोस! ठेव! ठेव!”

तिसरे टरबूज बसले आणि मी, मित्रांनो, दोरी सुटल्यासारखी चौकातून सुटले. पोलिसाने सलाम ठोकला. पुलाखाली पोहोचलो तेव्हा तोफेला चार मिनिटे होती. हाजी मुतवल्ली टेबलाच्या टोकाशी जपमाळ घेऊन उभे होते. त्यांनी रोट्या मोजल्या. ऐंशी. एक दाबून पाहिली. कोमट, कोरडी, मऊ. मग त्यांनी टरबुजांकडे पाहिले.

“ही कुठून?”

“सोबत आली,” अत्वा म्हणाला.

तोफ झाली. दीडशे माणसे पाणी प्यायली, टरबुजे कापली गेली, आणि सगळे त्या अज्ञात दात्याला दुवा देऊ लागले. तो दाता चौकात बसून आम्हाला शिव्या देत होता. सगळे ठीक झाले असते. पण अत्वा खजूर खाऊन, रिकामी जाळी डोक्यावर घेऊन, हाजींच्या देखत माझ्यावर बसला आणि निघाला.

आम्ही पुलाच्या खांबाभोवती फिरू लागलो. दोन फेऱ्या झाल्यावर हाजींनी हातातला रसाचा पेला खाली ठेवला.

“ही सायकल आहे का घाण्याचा बैल?”

“डावीकडे थोडी ओढ आहे, हाजी,” अत्वा खांबामागून म्हणाला.

“रोट्या पोहोचल्या, माझा शब्द मी मोडत नाही. पण उद्या टरबुजं कोण देणार?” आम्ही पुन्हा समोर येईपर्यंत हाजी थांबले. “दोन दिवस घे. तिसऱ्या दिवशी ही सरळ तरी व्हायला हवी, नाहीतर तू आत बसायला हवास.”

रात्रीच्या जेवणानंतर उस्ता दसूकी आला. त्याने मला रिकामी चालवून पाहिली आणि तो करीमानच्या बदकांच्या खुराड्याला धडकला.

“सायकल सरळ आहे,” उठत तो म्हणाला. “तुमची गल्ली डावीकडे गेलीये.”

“गल्ली शंभर वर्षं तिथेच आहे,” करीमान म्हणाली.

उस्ताने खिशातून दोरी काढली, माझ्या अंगावर धरली, गाठी मोजल्या, परत मोजल्या. मग तो खुराड्यावर बसला.

“विटा,” तो म्हणाला. “विटा कोणी उतरवत नाही, कोणी खात नाही. ओझं सबंध वेळ तेवढंच राहिलं. मी भरलेल्या माणसाची सायकल केली, अत्वा. तू वाटेत रिकामा होत जातोस. ओझं कमी झालं की तू सरळ बसतोस आणि ही बिचारी वाकडी उरते.”

“मग सरळ कर ना.”

“करतो. पण मग भट्टीवरून भरलेली निघताना उजवीकडे पडेल. भरलेली सरळ हवी की रिकामी? एकच मिळेल.”

उस्ताने खिशातून कानस काढली आणि माझ्या नळीवरचे ‘उस्ता दसूकी. मोजून मापून’ खरवडायला घेतले. त्याचा हात हलका होता, पण मला फार लागले.

करीमान बदकांना गोळा करत होती. “तो पलंगही असाच होता,” ती पाठमोरी म्हणाली.

“कसा?” उस्ता म्हणाला.

“एकटं माणूस झोपलं की डावीकडे कलायचा. हा तीन महिने इस्पितळात होता तेव्हा रोज घरंगळून भिंतीला लागायचे. म्हणून काय मी पलंग कापायला काढला? दुसऱ्या बाजूला रजईचं गाठोडं ठेवायचे, झोपायचे.” तिने शेवटचे बदक काखेत धरले. “रिकामी जाऊच नका. जेवढं उतरवाल, तेवढं चढवा. एवढ्या मोठ्या मोहल्ल्यात कोणाला कुठे काही न्यायचं नसतं का?”

मग उस्ताने कानस खिशात घातली. ‘मोजून’ गेले होते, ‘मापून’ राहिले होते.

पुढचे दोन दिवस करीमान तिन्ही ठिकाणी स्वतः फिरली. तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. उसळवाल्याकडे ऐंशी रोट्या उतरल्या आणि कल्हईला द्यायचे त्याचे हंडे चढले. कल्हईवाला वाटेत, तिथे हंडे उतरले आणि कलेजीवाल्याचा लोखंडी तवा चढला. कलेजीवाल्याने तवा घेतला, रोट्या घेतल्या, आणि सासूचे शिवणयंत्र चढवले, ते पुलापलीकडच्या मेव्हणीकडे पोहोचवायचे होते. अन्नछत्रात ऐंशी रोट्या उतरल्या, मेव्हणीकडे यंत्र उतरले आणि येताना अन्नछत्रातले कालचे शिळे तुकडे पोते भरून चढले, करीमानच्या बदकांसाठी. न्हाव्याने आम्हाला दारावरून सरळ जाताना पाहिले आणि त्याला जरा वाईट वाटले.

भट्टीवर हाजी दारात उभे होते. आम्ही त्यांच्या पायांच्या रेषेत येऊन थांबलो. दोन माणसांनी जाळी उतरवली. पोत्याशेजारी कागदात गुंडाळलेले जोडे होते.

“हे माझे जोडे,” हाजी म्हणाले. “दोन महिने चांभाराकडे पडलेत. कोणी सांगितलं आणायला?”

“वजन कमी पडत होतं, हाजी.”

हाजींनी जोडे घातले. दोन पावले टाकली. पायाकडे बघितले, माझ्याकडे बघितले.

“तीनचाकीवाला जोडे आणेल?” त्यांनी भट्टीवाल्याला विचारले.

“तो स्वतःचेसुद्धा घालत नाही, हाजी.”

“मग त्याला नको म्हणून कळव.” आणि अत्वाला म्हणाले, “माझी चादर धोब्याकडे आहे. उद्या.”

तेव्हापासून आठ वर्षे झाली. मी काय काय वाहिले ते सांगत बसले तर तुमची परीक्षा येईल. भिंतीवरचे घड्याळ, जे वाटेत दर पंधरा मिनिटांनी अत्वाच्या डोक्यावर वाजायचे. शिंप्याचा बिनमुंडक्याचा पुतळा, ज्याला दोन बायकांनी सलाम केला. एकदा हनफीची टरबुजे, ढिगाने, त्याच्या भाच्याच्या लग्नाला, तेव्हा तो म्हणाला, “आता फिटलं.” एकदा मला चोरानेही नेले. तो रिकाम्या डोक्याचा होता. डावीकडे, डावीकडे, डावीकडे वळत तो चार वेळा भट्टीसमोर आला. चौथ्यांदा त्याने मला भिंतीला टेकवले, दोन रोट्या विकत घेतल्या आणि पायी निघून गेला.

कौतुकाचे दिवस पाहिले, तसे उपेक्षेचेही पाहिले. यंदा अत्वाच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि मी पन्नास दिवस, गच्चीवर हलवलेल्या बदकांमध्ये उभी होते. साखळी गंजली. सीटवर एका बदकाने संसार मांडला. करीमानने मायेने मला तेल दिले, पण सरकीचे, स्वयंपाकातले. मुंग्या आल्या. कोणी येऊन घंटीला गुडघा लावील म्हणून मी वाट पाहायचे. बदकांचे गुडघे तिथवर पोहोचत नाहीत.

एक्कावन्नाव्या दिवशी उस्ता दसूकी जिना चढून आला. आता त्याला जिन्यावर दोनदा थांबावे लागते. त्याने मला खाली नेले, गंज काढला, साखळीला साखळीचे तेल घातले, आणि दुकानात दार लावून आठवडाभर ठोकाठोक करत बसला. मला वाटले, म्हातारपणी याने मला सरळ करायचे मनावर घेतले. मी घाबरले. पण तो माझ्याकडे पाठ करून दुसरेच काही ठोकत होता. शेवटच्या दिवशी त्याने ब्रश घेऊन माझ्या नळीवर पुन्हा लिहिले: ‘उस्ता दसूकी. मोजून मापून. भरलेली.’

त्या संध्याकाळी अत्वा मला न्यायला आला. गुडघा आता पाऊण वाकत होता. उस्ताने दार उघडले, आणि दोन माणसांनी मिळून त्याच्या डोक्यावर लोखंडाचा सुटा केलेला पलंग ठेवला. खांब, पट्ट्या, उशाची जाळी, सगळे काळ्या रंगात, दोरीने बांधलेले.

“वजन बघून केलाय,” उस्ता म्हणाला. “अकरा विटांएवढा.”

मित्रांनो, मी आयुष्यात एवढी सरळ कधी गेले नव्हते. पोटातली वाळूसुद्धा आवाज न करता बसून राहिली. चौकात पोलीस नवा होता. तरी त्याने सलाम केला; जुन्याने सांगून ठेवले असावे.

अत्वाने घराचे दार पायाने लोटले. आतून आवाज आला, “माझा पलंग आला का?”

“आला,” अत्वा म्हणाला.

आत भांडे पडले. करीमान दारात आली. तिने अत्वाकडे पाहिले, त्याच्या डोक्यावर पाहिले, आणि काहीच बोलली नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा. मग तिने ओढणीने नाक पुसले आणि शेजारणींना हाका मारल्या, पलंग उतरवायला.

दुसऱ्या दिवशी उस्ता चहाला आला. करीमानने त्याला दोन चमचे साखर जास्त घातली. “उस्ता,” ती म्हणाली, “पलंग जरासा डावीकडे कलतो.”

“पलंग सरळ आहे,” उस्ता म्हणाला. “तुमची जमीन डावीकडे गेलीये.”

तर मित्रांनो, एवढीच माझी विनंती. तुमच्या घरात एखादी सायकल असेल, तर तिच्या साखळीला तेल घाला, आणि ते सरकीचे नको. तिला गच्चीवर बदकांच्या भरवशावर सोडू नका. आणि तुमच्याकडे काही, किंवा कोणी, डावीकडे जात असेल, तर लगेच कानस काढू नका. आधी त्याच्यावर काहीतरी ठेवून बघा. टरबूज चालेल.